कुंभारणीची जागा

बाबा : दार लोटून घे आधी. पुरतं लोट. खाली रबर लावलंय, ते जमिनीला टेकलं पाहिजे.

मुलगी : टेकलं. बाबा, मी काय म्हणत होते...

बाबा : पायपुसणं ओलं आहे, मुद्दाम ओलं ठेवलंय, त्यावरून ये. आणि पिशवी टेबलावर नको. हुकाला लाव. पिशवीच्या बुडाला काय काय चिकटून येतं, तुला कल्पना नाही.

मुलगी : आहे. तुम्हीच सांगता दर वेळी. आईला उद्या दवाखान्यातून घरी सोडतायत एवढं म्हटलं सकाळी, तर तुम्ही फोनच ठेवलात.

बाबा : मग काय गप्पा छाटत बसू? उद्या माणूस घरी यायचं आणि इथे मोरीचं झाकण बसायचं होतं अजून. बसवलं. ये, बघ.

मुलगी : बघते. आधी जरा बसा ना तुम्ही.

बाबा : बसायला सगळं आयुष्य पडलंय. हे बघ. दुहेरी जाळी. वरची मोठी, खालची बारीक. झुरळ नुसतं दिसायला जाड. दोन नाणी एकावर एक ठेवलीस ना, तेवढ्या फटीतून पाठ दाबून आत येतं.

मुलगी : हे आईचं वाक्य आहे.

बाबा : माहिती कुणाच्या मालकीची नसते. तिनं ती प्रेमानं गोळा केली, मी रागानं. झुरळ तेच.

मुलगी : डोकं तुटलं तरी आठवडाभर जगतं, हेही तिचंच.

बाबा : ते तर तिनं आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात सांगितलं. माझ्या थोरल्या काकांना. काकांचा घास हातातच. म्हणाले, सूनबाई, मग ते मरतं कशानं? तर ही म्हणते, तहानेनं, काका. तोंडच नाही ना प्यायला. त्यावर काका पाणी न पिता उठले. पुढे वर्षभर आमच्याकडे जेवायला आले नाहीत.

मुलगी : आजी चिडली असेल.

बाबा : आजी हसत होती. पदरात तोंड खुपसून. काका तिलाही नकोच होते. चल, ओट्याखाली बघ आता. नळाचा पाइप भिंतीत जातो तिथे पूर्वी बोट जाईल एवढी जागा होती. सिमेंट भरलं. कपाटाच्या मागे भरलं. विजेच्या बटणांच्या डब्याभोवती भरलं. काल दिवसभरात या घरात एकही मुंगी आलेली नाही.

मुलगी : मुंग्यांना तुम्ही पूर्वी खडूची रेघ मारायचात.

बाबा : रेघेनं काही होत नाही, रेघ माणसाच्या समाधानाला. मुंगी वासावर चालते. पहिली येते ती वाट शोधत, आणि परत जाताना पोटानं वास टेकवत जाते. पुढच्या सगळ्या त्या वासावरून. तेव्हा मुंगी मारून उपयोग नाही, वाट पुसायची. साबणाच्या पाण्यानं, दारापासून डब्यापर्यंत. मी पुसली की तुझी आई कपाळाला हात लावायची. म्हणायची, घरी जायचा रस्ता पुसलात बिचाऱ्यांचा.

मुलगी : बाबा, डॉक्टरांशी बोलणं झालं माझं. सविस्तर.

बाबा : हो, मग? मी पाठवलेले घराचे फोटो दाखवलेस?

मुलगी : दाखवले.

बाबा : सगळे? मोरीचा, डब्यांचा, खाटेचा?

मुलगी : सगळे दाखवले.

बाबा : काय म्हणाल्या?

मुलगी : म्हणाल्या, इतकं निगुतीनं राखलेलं घर मी पाहिलं नाही.

बाबा : बघ. मला वाटलंच होतं. त्याशिवाय इतक्या लवकर सोडत नाहीत त्या. मागच्या खेपेला किती विनवण्या केल्या, तरी चार दिवस जास्तच ठेवून घेतलं होतं. घर बघितल्यावर खात्री पटली त्यांची. शेवटी काय, औषध तिकडे असलं तरी पथ्य इकडेच सांभाळायचं असतं.

मुलगी : बाबा, तसं नाही ते.

बाबा : रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती झाल्या?

मुलगी : तेच सांगायचंय.

बाबा : एक मिनिट. डबे राहिले. हे बघ, तांदूळ, पीठ, साखर, सगळ्यांना चिकटपट्टी. आतल्या मालाला दोनदा ऊन दाखवलं. पिठाला ऊन नाही चालत, ते फ्रीजमध्ये घालून गार केलं, अंडी असतील तर गारठून मरतात. हे धान्याच्या गोदामात नव्हतं आमच्या. तिथे आपली थप्पीवर ताडपत्री आणि धुरीची गोळी.

मुलगी : बाबा. पेशी वाढल्या नाहीत.

बाबा : ही साखरेची पट्टी सुटतेय बघ.

मुलगी : ऐकलंत ना?

बाबा : ऐकलं. वाढतील. गेल्या वेळीही उशिराच वाढल्या होत्या. घरी आली, घरचं खाल्लं की वाढतील. म्हणूनच सोडतायत ना? तिथे दवाखान्यात किती माणसांची ये-जा. कोण कुठून काय घेऊन येईल. चल, खोली बघ आता तिची.

मुलगी : चला.

बाबा : चप्पल ही घाल, खोलीतली. हं. खाटेच्या पायांखाली वाट्या बघितल्यास? पाण्यात थोडं तेल टाकलंय. डासांनी अंडी घालायला नकोत त्यात. उशा नव्या. पडदे काढून टाकले, धूळ धरतात. पुस्तकांचं कपाट बाहेरच्या खोलीत नेलं. त्यात कसर होती. ती रुपेरी, माशासारखी सुळकन जाणारी. तुझ्या आईला विचारलंस तर सांगेल, ही डायनोसॉरच्या आधीपासून आहे, तिला राहू द्या. म्हणे, आपणच तिच्या घरात भाडेकरू.

मुलगी : खोली ओळखू येत नाही.

बाबा : यायलाच नको. मागच्या खेपेची खोली होती ती, तशी नकोच.

मुलगी : भिंतीवरचं तिचं फुलपाखराचं चित्र?

बाबा : फ्रेमच्या मागे कोळिष्टक होतं.

मुलगी : ते मी काढलेलं चित्र होतं, बाबा. चौथीत.

बाबा : टाकलं नाही. ट्रंकेत आहे. डांबराच्या गोळ्या घालून.

मुलगी : फुलपाखराला जिभेनं नाही, पायांनी चव कळते. म्हणून ती मला अनवाणी गवतावर चालायला लावायची. काय चव आली सांग म्हणायची. मी म्हणायचे, ओली. आणि तुम्ही मागून ओरडायचात, जंत होतील.

बाबा : झालेच होते. दोनदा.

मुलगी : तुम्ही दोघं एकमेकांना कसे सापडलात, याचं मला अजून कोडं आहे.

बाबा : सापडलो कसले, ती आली. गोदामाच्या फाटकाशी उभी. खांद्याला झोळी आणि हातात काचेची बरणी. नवीनच लागली होती शाळेत. मला म्हणाली, अहो गोदामवाले, धान्यातले थोडे सोंडे किडे मिळतील का? मला वाटलं, थट्टा करतेय. सोंडे निघाले म्हणून भांडायला लोक यायचे. सोंडे मागायला आलेली ही पहिलीच. म्हटलं, कशाला? तर म्हणाली, मुलांना दाखवायचेत. पुस्तकात चित्र आहे, पण चित्रातली सोंड हलत नाही. म्हटलं, बाई, आमच्या गोदामात सोंडे नाहीत. तर शांतपणे म्हणते, हे तुम्ही माझ्या वर्गात येऊन सांगाल का? म्हणजे मुलांना खोटं बोलणारा माणूसही बघायला मिळेल.

मुलगी : आणि तुम्ही दिलेत.

बाबा : मागच्या थप्पीतून, चाळून. झाकणाला भोकं पाडली तीही मीच. माझी नोकरीच कीड आत येऊ न देण्याची, आणि मी फाटकातून जिवंत कीड हाताने बाहेर देतोय. पंधरवड्यानं आली बरणी परत घेऊन. आत दुप्पट. म्हणाली, तुमचे परत करते, व्याजासकट. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, पुढे घरात काय काय येणार ते.

मुलगी : रातकिडे आले. स्वयंपाकघरात. साखरेच्या डब्यात.

बाबा : रेशमाचे किडे आले. काजवे आले, ते तुला दाखवायला. एकदा गोम. मी काठी उचलली तर ही मध्ये उभी. पण खरी डोकेदुखी एकच, ही खिडकी.

मुलगी : कुंभारीण.

बाबा : नाव चांगलं ठेवलंय. गांधीलमाशीच ती. दर वर्षी या चौकटीच्या कोपऱ्यात चिखलाचे घडे लिंपायची. इथे, वर. आणि तुझी आई खुर्ची टाकून बघत बसायची. स्वयंपाक करपेल, दूध उतू जाईल, हिचं आपलं चालू. मला बोलवायची, अहो, या, आता तोंड लिंपतेय. काय बघायचं त्यात? चिखलाचा घडा करते, कोळी पकडून आणते. मारत नाही, नुसता बधिर करते, म्हणजे पिल्लाला ताजा मिळावा. त्याच्यावर अंडं ठेवते, तोंड बंद करते आणि निघून जाते. पिल्लू बाहेर येतं तेव्हा ही कुठली असायला. आणि तुझी आई याला माया म्हणते.

मुलगी : काल मला परत सांगत होती ते.

बाबा : काल? कशाला?

मुलगी : असंच. हात धरून.

बाबा : बोलायची ताकद आली म्हणायची.

मुलगी : बाबा, ही खाट खिडकीशी घेऊ या.

बाबा : वेडी आहेस का? भिंतीपासून हातभर लांब ठेवलीय, मुद्दाम. आणि त्या वाट्या कोण हलवणार?

मुलगी : मी हलवते. आईला खिडकीशी झोपायचंय. आणि खिडकी उघडी हवीय तिला.

बाबा : उघडी आहेच की. जाळी आहे ना? हवा येते. डास-माशी येत नाही. दोन पदरी जाळी आहे, माझ्या हातानं ठोकलीय.

मुलगी : जाळीतून बाहेरचं काही दिसत नाही. नुसतं धुरकट दिसतं.

बाबा : बरी झाल्यावर बघ म्हणावं. बाहेरचं कुठे पळून जात नाही.

मुलगी : जाळी काढली तरी चालेल म्हणाल्या डॉक्टर.

बाबा : कोण? तो नवा मुलगा?

मुलगी : मोठ्या डॉक्टर.

बाबा : त्या कशाला असं म्हणतील? त्यांनीच सांगितलं होतं. तू होतीस तिथे. म्हणाल्या होत्या, घरात कुंडीसुद्धा नको. मातीत बुरशी असते. मी तिची सगळी झाडं शेजारी देऊन आलो.

मुलगी : हो.

बाबा : फुलं नकोत म्हणाल्या होत्या.

मुलगी : हो.

बाबा : मग आता जाळी काढली तरी चालेल.

मुलगी : हो, बाबा.

बाबा : आणि फुलं?

मुलगी : चालतील.

बाबा : न शिजवलेलं काही? फळ वगैरे? ती कधीची पेरू मागतेय.

मुलगी : जे मागेल ते द्या म्हणाल्या.

बाबा : माणसं? शेजारच्या त्या रोज विचारतात, येऊ का भेटायला.

मुलगी : कुणीही येऊ दे म्हणाल्या. जितकी येतील तितकी.

बाबा : बरं.

मुलगी : बाबा.

बाबा : बरं, बरं. कळलं.

मुलगी : इथे बसा. खाटेवर बसा, काही होत नाही. चादर मी बदलते मग.

बाबा : पुढची औषधं?

मुलगी : बंद करायची. दुखू नये एवढ्यापुरती द्यायची. ती मला शिकवलीयत त्यांनी.

बाबा : मागच्या वेळी मी मोरीला साधं झाकण ठेवलं होतं.

मुलगी : काय?

बाबा : मागच्या वेळी घरी आली तेव्हा. साधं, भोकाभोकाचं. दुकानदार म्हणाला होता दुहेरी घ्या, मी म्हटलं, इतके दिवस चाललं तेच चालेल. आणि ही खिडकी. कुंभारीण येऊन गेली होती. घडे ओले होते. मी म्हटलं काढतो, तर ही म्हणाली, राहू द्या, ती काही करत नाही. मी ऐकलं. उभ्या जन्मात न भांडता तिचं ऐकून कीड घरात राहू दिली ती तेवढी एकदा. तिसऱ्या दिवशी ताप भरला.

मुलगी : म्हणून तुम्ही घडे फोडलेत.

बाबा : तिला दवाखान्यात पोचवून आलो आणि आधी तेच केलं. स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि खरवडून काढले. आत काय होतं, बघितलंही नाही. मग जाळी आणली. मग एकेक फट. मी म्हटलं, आता येऊ दे घरी. आता बघतो मी, कोण आत येतंय.

मुलगी : इतके दिवस तुम्ही हे मनात धरून बसला होतात?

बाबा : आयुष्यभर दुसऱ्याचं धान्य राखलं मी. थप्पीच्या थप्प्या. आणि घरात एक माणूस राखता आलं नाही.

मुलगी : तो ताप बाहेरून आला नव्हता, बाबा.

बाबा : हे तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस.

मुलगी : नाही. तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी मला. रक्तात जे जंतू सापडले ते तिच्याच पोटातले होते. सगळ्यांच्याच पोटात असतात, माझ्या, तुमच्या. एरवी गप्प पडून असतात. पेशी उरल्या नाहीत की तेच उलटतात. मला वाटलं तुम्हाला कळलंय. तुम्ही मान हलवत होतात.

बाबा : मी तेव्हा ऐकत नव्हतो. मी मोरीचा विचार करत होतो.

मुलगी : मी लहान असताना मला गोदामात न्यायचात तुम्ही. पोत्याला कान लावायला सांगायचात. बारीक करकर ऐकू यायची. मी विचारलं होतं, बाबा, पोतं तर शिवलेलं आहे, फाटलं नाही कुठे, मग सोंडा आत कुठून शिरला? काय सांगितलं होतंत?

बाबा : शिरत नाही.

मुलगी : मग?

बाबा : दाण्यातच असतो. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं ठेवते, वरून लिंपून टाकते. पुष्कळदा शेतातच. दाणा बाहेरून धडधाकट. कितीही चाळा, निवडा. पोतं दुहेरी शिवा. तो आतला आतच वाढतो.

मुलगी : त्यात राखणाऱ्याचा काय दोष?

बाबा : काही नाही. राखणाऱ्याला नंतर कळतं, एवढंच.

मुलगी : तसंच आहे हे.

बाबा : तुझ्या आईकडून शिकलीस तू असं बोलायला. समोरच्याच्याच खिशातलं काढून त्याच्या हातावर ठेवायचं.

मुलगी : पाणी आणू?

बाबा : नको. तिला माहीत आहे?

मुलगी : तिनंच विचारलं डॉक्टरांना. मी बाहेर होते. आत आले तर आई म्हणाली, सुरवंटा, घरी जायचंय मला. मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

बाबा : आणि मला कुणी सांगायचं, हे ठरवलंत तुम्ही दोघींनी.

मुलगी : ती म्हणाली, तू सांग. मी सांगायला लागले तर ते भांडतील माझ्याशी, आणि मला आता भांडणात जिंकायचा कंटाळा आलाय.

बाबा : असं म्हणाली?

मुलगी : अगदी असंच.

बाबा : किती दिवस, विचारलंस?

मुलगी : विचारलं. मोजू नका म्हणाल्या.

बाबा : ते स्टूल दे इकडे. आणि पक्कड त्या खणात आहे.

मुलगी : मी चढते. तुमचे गुडघे...

बाबा : खिळे मी ठोकलेत, कुठे कसे ठोकलेत ते मला माहीत. तू नुसतं स्टूल धर. घट्ट धर.

मुलगी : धरलंय.

बाबा : फार जवळ जवळ ठोकलेत. कुणी सांगितलं होतं इतके ठोकायला.

मुलगी : सावकाश काढा. घाई नाही.

बाबा : हे एक टोक सुटलं. डोळे मीट, धूळ पडेल. हं. वरचं तेवढं राहिलंय.

मुलगी : बाबा, फोन वाजतोय. आईचा आहे.

बाबा : घे तू.

मुलगी : तुमच्यासाठी असणार. मी स्पीकरवर लावते, तुम्ही तिथूनच बोला. हॅलो, आई?

आई : पोचलीस का, सुरवंटा? अर्धा तास झाला, म्हटलं एव्हाना पायपुसण्यावरून आत घेतलं असेल.

मुलगी : घेतलं. बाबा इथेच आहेत. बोल.

आई : काय हो, गोदामवाले.

बाबा : बोला, बाई.

आई : सांगितलं तिनं?

बाबा : सांगितलं.

आई : सगळं?

बाबा : जाळीपर्यंत.

आई : मग सगळं आलं त्यात. आता कुठे आहात?

बाबा : स्टुलावर.

आई : या वयात? आता दोघांना एकदम उचलायला लावू नका पोरीला. ते कशाचं वाजतंय?

बाबा : खिळे काढतोय. बाई, एक सांगायचंय. तुझी कुंभारीण नाही इथे. फोनवर तू विचारायचीस, आली का, आणि मी आली म्हणायचो. आली नाही. मी घडे फोडले तिचे, आणि जागा बंद केली.

आई : माहीत आहे मला.

बाबा : कसं?

आई : तुम्ही म्हणायचात, आली, बरी आहे. चाळीस वर्षांत तुम्ही एका तरी किड्याला बरी आहे म्हणालात का?

बाबा : रागावली नाहीस?

आई : रागावले होते. एक दिवस. मग तुम्हाला डोळ्यांपुढे आणलं, सुरी घेऊन खुर्चीवर चढलेले, तोंडानं पुटपुटत. मग हसू आलं. नर्सला वाटलं, औषधानं डोकं फिरलं माझं.

बाबा : आता उघडली तरी यंदा काही ती यायची नाही. हंगाम संपला तिचा.

आई : नाही तर नाही. मोकळी खिडकी तर दिसेल. तिच्याशिवायही पुष्कळ असतं हो बाहेर. तुम्ही कधी बघितलं नाहीत, म्हणून.

बाबा : तू दाखव. खुर्ची टाकतो मी.

आई : आणि ऐका. सकाळी गाडी येईल त्यांची, तिच्यातून आणतील मला. स्ट्रेचर म्हणे जिन्यात वळत नाही. खुर्चीत बसवून वर न्यावं लागेल. तुम्ही मागून हात लावायला जाऊ नका, कंबर धरेल.

बाबा : लावीन. सगळ्यांच्या देखत लावीन.

आई : बरं, लावा. अजून एक. तुम्ही इथे यायचात ना भेटायला, तोंडाला फडकं, डोक्याला टोपी, हातात ते मोजे. दारातच उभे. सात-आठ पावलं लांब. नुसते डोळे दिसायचे तुमचे. मला रोज वाटायचं, हा कोण मनुष्य धुरी द्यायला आलाय.

बाबा : त्यांनीच सांगितलं होतं, लांब राहा म्हणून.

आई : हो, पण बाकीचे जरा तरी पुढे यायचे. सांगितलेलं शब्दशः पाळणारे तुम्ही एकटे. उद्या नका घालू ते काही. जवळ येऊन बसा. खाटेवरच बसा. तुमचा हात कसा लागतो ते विसरत चाललेय मी.

बाबा : बाई.

आई : काय?

बाबा : काही नाही. बसेन.

आई : मोजे नाहीत ना पण?

बाबा : नाहीत. हात मात्र धुऊन येईन.